सायीचा चमचा

"डॉक्टर, रिपोर्ट बदलले असतील. हार्टचे पेशंट हे आहेत," यजमानांकडे बोट दाखवत कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"त्यांचं कोलेस्टेरॉल उत्तम आहे, आजी. वाढलंय ते तुमचं. सांभाळा, नाहीतर अटॅक तुम्हालाही येईल."

बाई गोंधळल्या. अकरा वर्षांपूर्वी यांना अटॅक आला, तेव्हापासून यांच्या दुधावरची साय त्या नेमाने काढत होत्या. लहानपणी सायीसाठी पाच भावंडांत भांडणं व्हायची. ती टाकवेल कशी? ओट्याशी उभ्याउभ्या स्वतःच खाऊन टाकायच्या.

संध्याकाळी यजमानांनी जन्मात पहिल्यांदा दूध तापवलं, निवू दिलं. पेला बाईंपुढे ठेवला आणि सायीचा चमचा हातात धरून तसेच उभे राहिले.

"अहो, बसा की आता."

"बसतो गं. पण ही आता कोणी खायची?"