सात दहाची खेप

छप्पर तिसऱ्यांदा कोसळलं तेव्हा बाबांचे ओठ नुसतेच हलले. शिवी बाहेर पडली नाही, कारण समोर मुलगी बसली होती. चाळिशीची मुलगी. एका कारखान्यात ती यंत्रांचे नकाशे तपासायची. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेनानं गोल काढायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, असं बाबा तिच्या नोकरीचं वर्णन करत आणि तिला मॅडम म्हणत.

बाबांनी एकतीस वर्षं शहर बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना आपली जुनी गाडी खेळण्यातल्या ठोकळ्यांची बनवायची होती. दुकानातल्या तयार खोक्यातली बस त्यांच्या पसंतीस उतरली नाही. तिला एकच दरवाजा होता आणि शेवटचं लांब बाक नव्हतंच. मग त्यांनी चौकटीच्या वहीत स्वतः आराखडा काढला. ठोकळ्यांवरच्या उंचवट्यांना ते गुंड्या म्हणत. लांबी छत्तीस गुंड्या, रुंदी आठ. आठात बाकं बसवली तर मधून चालायला जागा उरत नाही, हे मुलीनं पहिल्याच रविवारी दाखवून दिलं. बाबा तासभर हटून बसले आणि मग मुकाट्यानं त्यांनी रुंदी दहा केली. पण त्यामुळे छप्पर मधोमध झोल खायला लागलं. आता मुलीनं आतून दोन आडव्या पट्ट्या दिल्या आणि ते एकदाचं टिकलं.

पुढच्या आठवड्यात ती नोकरीसाठी तीन वर्षं परदेशी जाणार होती. जाण्याआधी बापलेकीत चार शब्द व्हावेत म्हणून आई तिला दर रविवारी बोलावून घेई. शब्द होत होते, पण सगळे ठोकळ्यांबद्दल. दुसरीपासून पाचवीपर्यंत मुलगी बाबांच्याच बसनं शाळेत गेली होती. ड्रायव्हरच्या मुलीनं पुढे बसायचं नाही, हाक मारायची नाही, हा बाबांचा दंडक होता. पहाटे ते निघत तेव्हा ती झोपलेली असे आणि रात्री येत तेव्हाही. भेट काय ती बसमध्येच, आणि तीही पाठमोरी. शेवटच्या बाकावरून चार वर्षं तिनं बाबांची मान बघितली. ती मान एकदाही वळली नाही. हे तिला अजून सलत होतं. जाण्याआधी एकदा विचारून टाकायचं असं तिनं ठरवलं होतं. तीन रविवार झाले तरी जीभ रेटत नव्हती.

बाबांनी काडेपेटी उघडून प्रवासी बाहेर काढले. सकाळची सात दहाची खेप होती. दोन-दोन ठोकळ्यांची माणसं, पण बाबांना प्रत्येकाची जागा तोंडपाठ. रात्रपाळी संपवून आलेली नर्स तिसऱ्या बाकावर, डोकं खिडकीला टेकलेलं. घड्याळवाला दाराजवळ, कारण त्याला उतरायची फार घाई. एका मास्तरांना दीड जागा लागायची, म्हणून त्यांना आडवे चार ठोकळे दिले होते. मुलगी हसली. सगळ्यात शेवटी बाबांनी मागच्या बाकावर एक बुटका पिवळा ठोकळा बसवला. वर काळे केस आणि केसांच्या उजव्या बाजूला लाल ठिपका.

“ही कोण?”

“तू. तिथं दुसरं कोण बसायचं?”

मुलीनं ठोकळा उचलून फिरवून पाहिला. सवयच तशी. केसातली लाल पिन डावीकडे होती, ती म्हणाली. उजवीकडे, बाबा म्हणाले. दोघंही मागे हटेनात, तेव्हा आईला निवाड्याला बोलावलं. आई हात पुसत आली. भांग उजवीकडे आणि पिन डावीकडे, रोज आपणच लावत होतो, असं तिनं सांगितलं. पिन शाळेपुरतीच असायची, पोरगी घरी आली की आई ती काढून डबीत ठेवायची. बाबा गोंधळले. गाडीच्या बाबतीत त्यांची आठवण कधी चुकली नव्हती. चार वर्षं रोज बघितलीय, डोळे मिटूनही सांगेन, असं ते पुटपुटत राहिले.

“कधी बघितलीत?” मुलीचा आवाज तिला नको तेवढा चढला. “एकदा तरी मागे वळलात?”

गाडीबद्दलचीच काही शंका असावी तसं बाबांनी शांतपणे उत्तर दिलं.

“वळणार कसा? चाळीस माणसं असतात गाडीत. आरशात बघायचो.”

प्रत्येक थांब्यावर आधी दरवाजे बघायचे, मग शेवटचं बाक, मगच गिअर टाकायचा, असं त्यांनी समजावून सांगितलं. शाळेपर्यंत चौदा थांबे होते. आई आत निघून गेली.

आरशातल्या माणसाचं डावं आपल्याला उजवं वाटतं. एवढं मुलीला नकाशे न तपासताही कळत होतं. तिला रडू आलं. रागही आला, चार वर्षं मानेवरच डोळे लावून बसल्याचा.

बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. मॅडम आणि आई दोघी म्हणतात तर चूक दुरुस्त करावी, म्हणून ते नखानं लाल ठिपका उपटायला लागले होते. तो घट्ट बसला होता.

मुलीनं त्यांचा हात धरला.

“राहू द्या, बाबा. ते बरोबर आहे.”