दसऱ्यानंतरचा पाऊस

तेजश्रीने बाटली उजेडाकडे धरली. पाणी अगदी नितळ होतं. तीन वर्षं झाली, दसऱ्यानंतरच्या पावसाचं इतकं स्वच्छ पाणी तिला फक्त याच ठाकरवाडीत मिळत होतं.

कर्जत-खालापुरात सहा ठिकाणी पावसाचं पाणी साठवून ती त्यातली घाण मोजायची. जून ते ऑगस्ट वारा समुद्राकडून यायचा, तेव्हा सगळीकडे पाणी बरं असायचं. दसऱ्याच्या सुमाराला वारा फिरला, की कारखान्यांचा धूर पावसात उतरायचा. भिवपुरीचं पाणी आंबट निघायचं, खोपोलीचं काळपट. डोंगरावरची ही वाडी तेवढी वाचली, असं तिने अहवालात लिहिलं होतं.

त्याच अहवालावर बोट ठेवून कुणा साहेबाने गेल्या आठवड्यात वाडीचं नाव यादीतून कापलं. पाणी शुद्ध करायचं यंत्र आता इथे येणार नव्हतं. तेच सांगायला ती आज चढून आली होती.

इथल्या बाटल्या भरणारी बुधी ओटीवर नाचणी पाखडत होती. आत तिची लेक कोंडी पोट धरून निजली होती. या महिन्यातलं हे तिसरं दुखणं. सगळं ऐकून बुधीच्या हातातलं सूप थांबलं.

"म्हंजी आमचं पानी चांगलं, म्हून मशीन नाय?"

"हो, मावशी."

बुधीने सूप खाली ठेवलं. मग खालच्या मानेने म्हणाली, "मंग माझंच चुकलं गं. दसऱ्याच्या पावसात तुझ्या बाटलीत काळं पानी यायचं. मी ते वतून टाकायची, न् खालच्या झऱ्यावरनं बाटली भरून आणायची."

तेजश्रीने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. "पण का, मावशी?"

"तू यवढा डोंगर चढून येतंस. पावन्याला घाण पानी कसं द्यावं?"

झरा तासभर खाली, निसरड्या उतारावर. घरच्या हंड्यांसाठी रोज तिथे कोण उतरणार? तीन वर्षांत जे एकदाही विचारलं नव्हतं, ते तेजश्रीने आता विचारलं. "मग तुम्ही कुठलं पाणी पिता?"

बुधीने पत्र्याच्या पागोळीखालच्या पिंपाकडे मान वळवली.

"आमाला काय गं, आमी कुठं पावनं हाव?"