लाल दोऱ्याचा पेला

आपल्याला टीबी झालाय, हे सुग्रीवआबांनी घरात सांगितलंच नाही. सांगितलं असतं, तर नात अंजूला त्यांच्याजवळ ठेवून मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेच नसते. “लेकरापासून लांब राहा, माहीत असून रोग पसरवणं गुन्हा असतो,” नर्सबाईंनी बजावलं, तेव्हा आबांनी वेगळा ओळखू यावा म्हणून आपल्या पेल्याला लाल दोरा बांधला आणि कायदा पाळल्याचं समाधान मानलं. “तुझ्याच पेल्याला कावून दोरा? मला बी बांध,” म्हणत अंजू रुसायची आणि गोष्ट ऐकायला त्यांच्याच गोधडीत शिरायची. तिला झिडकारणं आबांना जमलं नाही. अंजूलाही खोकला लागला. आज नर्सबाई तिच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन दारात आल्या. “टीबीच निघालाय.” “मंग मला पोलीस ठाण्यात न्या,” आबा म्हणाले. “तक्रार कोण देणार, आबा? ही?” अंजू खोकत त्यांना बिलगली. आबांनी आपल्या पेल्याचा दोरा सोडला आणि तिच्या पेल्याला बांधला. अंजू खुदकन हसली.