वाळलेला वाफा

वाळलेला वाफा झाकायला संस्थेच्या अध्यक्षांनी आणलेली हिरवी जाळी केंद्रप्रमुख बाईंनी गुंडाळून त्यांच्याच गाडीत परत ठेवली.

"अहो, मर रोगाने वाळलेला हरभरा पाहुण्यांना काय दाखवायचा? यंदाही शेतकरी जांभया देऊन गेले, तर विश्वस्त इथे लग्नाचं लॉन करणार आहेत. तिथे निदान लोक आनंदाने येतील," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणूनच झाकायचा नाही," बाई म्हणाल्या.

हे सेंद्रिय प्रात्यक्षिक शेत इतकी वर्षं हिरवंगार होतं. येणारे शेतकरी माना डोलवत, फोटो काढत आणि एकच प्रश्न विचारत, जेवण किती वाजता?

बस आली. बाईंनी सगळ्यांना थेट वाळलेल्या वाफ्यात नेलं. "हा आमचा हरभरा. गेला."

एकीने रोप उपटलं, नखाने खोड चिरलं आणि आतली काळी रेघ शेजारणीला दाखवली. "आमच्यागतच की गं!"

"बियाण्याला काय चोळलं होतं, बाई?"

"गेल्या साली पण इथं हरभराच का?"

"मग तो पलीकडचा वाफा कसा काय वाचला?"

बाई पदर खोचून मातीतच बसल्या आणि सांगू लागल्या. मंडपात भात निवला. जाताना सगळ्यांनी बाईंकडून पुढच्या पेरणीला बोलवायचं कबूल करून घेतलं.

उपाशी अध्यक्षांनी हळूच विचारलं, "मग पुढच्या वर्षीही एक वाफा मुद्दाम वाळवायचा का?"

"मुद्दाम कशाला, साहेब? शेती आहे."