कढतं पाणी

रूथबाईनं घंगाळात मुद्दाम कढतं पाणी ओतलं. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी ख्रिस्ती देवळात एकमेकांचे पाय धुवायची रीत, आणि यंदा तिच्यासमोर शांतवन बसला होता. त्याच्या खोट्या साक्षीनं तिचा नवरा तुरुंगात गेला आणि तिथंच मेला. तेव्हापासून ती प्रार्थनेत प्रभूकडे हीच वेळ मागत होती. पाय धुताना आपलेही हात पोळतील, याची तिला फिकीर नव्हती.

वाफ बघून शांतवनचा चेहरा पडला. "होऊ द्या तुमच्या मनासारखं, वहिनी," म्हणत त्यानं पाय उचलला.

तो पाण्याला टेकणार, तोच तिनं पाय वरच्यावर धरला. स्वतःचाच राग आला तिला.

"गार पाणी आणा," ती उपासना चालवणाऱ्या पाळकांवर खेकसली. मग शांतवनकडे न बघता म्हणाली, "माफ केलेलं नाही. नुसते पाय धुतेय."