तपासनिसाची वही

“ही वही तुम्ही स्वतः लिहिलीत?” कंपनीच्या वकिलाने विचारले.

“दुसरं कोण लिहिणार? एकशे बारा दिवस. तारीख, वेळ, सगळं. एक खाडा नाही.”

तपासनिसाने वही टेबलाच्या कडेला जुळवून सरळ ठेवली. चौदा वर्षे त्याने पत्र्यांची जाडी मोजून वहीत उतरवली होती. त्याच्या नोंदीवर आजवर कुणी बोट ठेवले नव्हते.

समोर क्रेनवाला मान खाली घालून बसला होता. दोघे एकाच कारखान्यातले, एकाच पाळीतले. साखळी तुटून पत्र्यांचा गठ्ठा फिटरवर कोसळला, तेव्हा क्रेनवाला वर केबिनमध्ये होता आणि तपासनीस खाली, चार पावलांवर. फिटर जागच्या जागी गेला. क्रेनवाल्याला मानसिक आघाताची भरपाई मंजूर झाली, दर महिन्याची. तपासनिसाचा अर्ज फेटाळला गेला. आता कंपनीने क्रेनवाल्याच्या भरपाईविरुद्ध अपील केले होते आणि तपासनीस कंपनीचा साक्षीदार होता. त्याला कुणी बोलावले नव्हते. तोच आपण होऊन वही घेऊन वकिलाकडे गेला होता.

तो फेटाळलेला अर्ज त्याच्या घशाखाली अजून उतरला नव्हता. तपासणीला दोघांना एकाच दिवशी बोलावले होते. क्रेनवाला आत गेला आणि ढसाढसा रडला, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येत होते. तपासनीस आत गेला आणि म्हणाला, “मला काय धाड भरलीय?” डॉक्टरांनी ते तसेच लिहून घेतले. रडणाऱ्याला मिळाले, ताठ बसणाऱ्याला नाही! तेव्हापासून क्रेनवाल्याचे सगळेच त्याच्या डोळ्यांत खुपत होते. त्याची भरपाई, त्याच्याकडे येणारीजाणारी माणसे, लोक त्याला ‘बिचारा’ म्हणत तो शब्दसुद्धा. आपल्याला कुणी एकदाही बिचारा म्हटले नाही, याने त्याचा नुसता जळफळाट होई.

“वाचा,” अपील मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्याने चष्मा चढवला.

“सकाळी दहा वीस. क्रेनवाला घरातून निघाला, पायी. वाटेत सात वेळा थांबला, दुकानांच्या काचांत बघत. खरेदी शून्य.” त्याने पान उलटले. “दहा पन्नास. पुलाखालून जायच्या आधी कठड्याला धरून उभा. नऊ मिनिटं, निवांत. अकरा पंधरा. बागेत. दोन चहा घेतले. एक प्यायला, दुसरा बाकाच्या टोकाला ठेवून चालता झाला.”

“रोज?” मंडळातल्या डॉक्टर सदस्यांनी विचारले.

“रोज, साहेब. भरपाईचा चहा तो! थंड झाला काय नि सांडला काय, याच्या बापाचं काय जातंय? आणि ही त्र्याहत्तराव्या दिवसाची नोंद ऐका. मला ताप होता, निघायला अर्धा तास उशीर झाला. म्हटलं, आज सुटला. तर हा कोपऱ्यावरच वाकून बुटाची नाडी बांधतोय. नाडी बांधायला अर्धा तास! इतका रिकामटेकडा माणूस.”

कंपनीचा वकील खूश झाला. मागच्या बाकावर कुणीतरी खोकले. तिथे तपासनिसाची बायको डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बाई समजूतदार. रोज दहाच्या आधी त्याचा इस्त्रीचा शर्ट खुंटीवर असे, पुसलेले बूट दाराशी असत. कुठे निघालात म्हणून तिने एकदाही विचारले नव्हते. नवऱ्यावर झालेला अन्याय तिला बोचत असणार.

“तुमचं काम सांभाळून हे जमतं कसं?” डॉक्टरांनी विचारले.

“काम सोडलं मी. त्या कारखान्यात राहिलंय काय आता?”

डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतले. तपासनिसाला बरे वाटले.

अध्यक्षबाई क्रेनवाल्याकडे वळल्या. “तुमच्या कागदांत लिहिलंय, डोक्यावर काही आलं की तुमचे पाय चालत नाहीत. एकट्याला दाराबाहेर पडवत नाही. मग यांनी वाचलं ते खोटं?”

“नाही मॅडम. खरंय. एकही नोंद चुकलेली नाही.”

तपासनीस हसला. आपली वही चुकत नाही हे याने तरी कबूल केले!

“मग रोज का जाता?”

क्रेनवाल्याने घाम पुसला. त्याचा वकील त्याच्या कानाशी लागला, तशी त्याने जोरात मान हलवली. “ते इथं नको. त्याच्यासमोर नको.”

“कारण कळलं नाही तर आम्हाला भरपाई बंद करावी लागेल.”

“करा मग.”

कंपनीच्या वकिलाने फाईल मिटली. तपासनिसाच्या छातीवरचे ओझे उतरले. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला सपाटून भूक लागली होती.

“सांगून टाका, भावजी,” मागून आवाज आला.

तपासनीस गर्रकन वळला. त्याची बायको उभी राहिली होती आणि क्रेनवाल्याकडे बघत होती. भावजी? हा हिचा भावजी कधीपासून झाला? इतकी वर्षे झाली, नवऱ्याकडे तिने कधी असे डोळ्यांत पाणी आणून पाहिले होते? त्याच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे भरपाई घेतली ती घेतली, आता माझ्या घरातही!

क्रेनवाला टेबलाकडे बघत बोलू लागला.

“हा सात महिने घराबाहेर पडला नव्हता, मॅडम. अंघोळ नाही, दाढी नाही, जेवण नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड. एक दिवस माझा भाऊ मला धरून दवाखान्यात नेत होता, तर यानं खिडकीतून बघितलं. शिव्या देत उठला, बूट घातले आणि दवाखान्यापर्यंत माझ्यामागे आला. घरी जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या म्हणे. संध्याकाळी वहिनी माझ्या दारात. म्हणाल्या, ‘भावजी, उद्याही निघाल का?’”