आतून कडी

"गुंडी, कडी ओढ. बाळा, ती कडी हातात धर आणि ओढ."

"नाही," बाथरूममधून आवाज आला.

तो दाराला कान लावून उभा होता. आत गरम पाण्याचा नळ वाहत होता. नळाखाली बादली लावून तो टॉवेल आणायला वळला, तेवढ्यात अडीच वर्षांच्या पोरीने दार लोटलं आणि कडी घातली. कडी तिच्या हाताला लागेल इतकी खाली होती. बायकोचे हात शेवटी शेवटी वर जाईनासे झाले, तेव्हा त्यानेच ती वरून काढून खाली बसवली होती. सुतार माणूस. पक्की बसवली होती.

दार तोडणं त्याला जड नव्हतं. पण दार आत उघडणारं, आणि पोरगी दाराला पाठ लावून बसलेली. ती बोलली की आवाज त्याच्या गुडघ्यापाशी येत होता. ती तिथे बसली होती तोवर दार तोडता येत नव्हतं. आणि तिथून उठली, तर बादलीशिवाय जायला दुसरी जागा नव्हती.

समोरच्या मावशी हातातलं काम टाकून आल्या होत्या.

"चॉकलेट दाखव तिला."

"दारातून कसं दाखवू, मावशी?"

"मग बागुलबुवा आला म्हण."

"म्हणजे मग ती आतच बसेल."

"तेही खरंच," मावशी म्हणाल्या. "गुंडे, बाहेर ये गं, शहाणी ना तू?"

"नाही."

सकाळपासून ती याच एका शब्दावर होती. दूध नाही, चप्पल नाही, अंघोळ नाही. काल याच शब्दावर ती पोट धरून हसली होती आणि तिच्याबरोबर तोही हसला होता.

नळाचा आवाज बदलत चालला होता. आधी पाणी तळाशी आपटत होतं, आता पाण्यात पाणी पडत होतं. हीटरचं बटण बाहेर होतं, ते त्याने केव्हाच बंद केलं होतं, पण टाकीतलं पाणी आधीच कढत झालेलं. पाणी तोडायची चावीही आतच. खिडकी वीतभर, तीही उंचावर.

"गुंडी, बादलीला हात लावू नको. बादली हाऽऽ आहे. ऐकतेस ना?"

दाराला काहीतरी घासलं गेलं. ती उठत होती.

त्याचा धीर सुटला. त्याने दोन्ही मुठींनी दार बडवलं. "उघड! उघड म्हणतो ना! ऐकू येत नाही का तुला?"

"अरे, घाबरेल ती," मावशींनी त्याचा दंड धरला.

आतून, अगदी दारापाशी, हेल काढून, ती म्हणाली,

"आले हं, सोन्या. आले. दोनच मिनिटं."

मावशींनी त्याचा दंड सोडला. त्या भिंतीकडे बघायला लागल्या.

तो हेल त्याच्या ओळखीचा होता. आई अंघोळीला गेली की पोरगी याच उंबऱ्यावर फतकल मारून बसायची आणि दारावर थापा मारत राहायची. आतून पाण्याच्या आवाजावर हेच उत्तर यायचं, थापा थांबेपर्यंत, पुन्हा पुन्हा.

तो उंबऱ्यापाशी खाली बसला. मूठ उघडली. खाली, अगदी खाली, तळव्याने दारावर हलकी थाप मारली.

"आई," तो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "आई, ये ना."

आत ती खुदकन हसली.

"आले हं."

"आई, लवकर ये ना. मला रडू येतंय."

"रडायचं नाही. आले."

कडी खरखरली आणि अडकली. पुन्हा खरखरली. तिसऱ्या खेपेला ती सुटली. दार बोटभर उघडलं आणि फटीत आधी पोरीचं नाक दिसलं. डोक्यावर तिने स्वतःचा फ्रॉक गुंडाळला होता, ओले केस बांधल्यासारखा.

त्याने तिला ओढूनच बाहेर घेतलं. हात पाहिले, पाय पाहिले, पोट पाहिलं. कुठे काही नव्हतं. तिला छातीशी इतकं आवळलं की ती ओरडली. मग तिला मावशींपाशी उभं करून तो आत धावला आणि नळ बंद केला. बादली काठोकाठ भरली होती. त्याने ती दोन्ही हातांनी कोपऱ्यात सरकवली. बोटं भाजली.

मागे दार लोटलं गेलं. गुंडीने बाहेरून ओढून घेतलं होतं.

"अगं, काय करतेस?" मावशी म्हणाल्या.

दारावर थाप पडली. लहान, ओल्या तळव्याची.

"आई, ये ना!"

"गुंडे, आत बाबा आहे तुझा."

"नाही. आई आहे."

थापा सुरू झाल्या. ती हसत होती. डाव आता तिचा होता आणि तो तिला नीट समजलेला होता.

तो आत वाफेत उभा होता. दाराला कडी घातलेली नव्हती. नुसतं ओढलं असतं तरी उघडलं असतं. त्याने हात पुढे केला आणि दाराच्या मुठीवर तसाच ठेवला. दार उघडलं की बाबाच बाहेर येणार होता.

"आई, ये ना," पुन्हा हाक आली. या वेळी तिच्यात हसू नव्हतं.